खऱ्या तारखेचा रकाना

गणपती बसायच्या आधी ऑफिसचा एसी साफ करायला माणूस बोलावला होता. त्यानं जाळी काढून गच्चीवर नेली, कठड्यावर दोनदा आपटली, आणि तिच्यातून मागच्या हंगामाचा कापूस निघाला. मूठभर असेल. मळकट, धुरकटलेला, तरी कापूसच. नालवाडीतलं माझं ऑफिस रस्त्याला लागून आहे. दसऱ्यापासून त्या रस्त्यानं कापसाच्या गाड्या जातात, ताडपत्री कितीही कसून बांधली तरी एखादा पुंजका निसटतोच, आणि मग तारांवर, कडुनिंबावर, मोटरसायकलच्या आरशांत ते पांढरं अडकून बसतं. गाडी जवळून गेली की सरकीचा तेलकट वास मागं राहतो. घरच्या शेतात वेचणीच्या पहिल्या दिवशी दहीभाताचा नैवेद्य दाखवणाऱ्यांना त्या वासानं बरं वाटत असेल. मी खिडकी लावून घेतो. मी कापूस पिकवत नाही. मी त्याच्यासाठी तारखा देतो.

म्हणजे असं, की कापसाची गाडी सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरणीच्या फाटकातून आत आल्यापासून शेतकऱ्याच्या हातात वजनाची चिठ्ठी पडेपर्यंत जे काही होतं, ते कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. जिनिंगचा हंगाम एका मुहूर्तानं सुरू होतो. त्या दिवशी पहिल्या गाडीला हार घालतात, पहिल्या शेतकऱ्याला शेला-नारळ देतात, काट्याला हळदीकुंकू लावतात. तो दिवस पंचांगात पाहून ठरलेला असतो आणि कोणाच्या बापासाठी हलत नाही. सॉफ्टवेअर त्या दिवशी तयार पाहिजे. आता कामाला किती दिवस लागतील हे मी गिरणीवाल्याला सांगायचं, आणि मला माझ्या माणसांनी सांगायचं. माझ्या आयुष्यातलं सगळं भांडण या दोन वाक्यांत मावतं.

मी भाव केल्याशिवाय काही घेतलेलं नाही. बाप बाजारात मापाडी होता, आयुष्यभर दुसऱ्यांचा कापूस तोलला. तो म्हणायचा, ‘काटा खोटं नाई बोलत, काट्यावर हात ठेवणारा बोलते.’ त्याच्यासोबत बैलबाजारात गेलो की दलाल दुपट्ट्याखाली हात घालून बोटं दाबत सौदा करताना दिसायचे. वर चेहरा कोरा, खाली आकडा. मला तेव्हाच कळलं की माणूस जे तोंडानं सांगतो ते चेहऱ्यासारखं असतं, आणि आकडा दुपट्ट्याखाली असतो. पुढे मी झेरॉक्सचं दुकान टाकलं, मग कॉम्प्युटर दुरुस्तीचं, मग दोन मुलं ठेवून छोटी सॉफ्टवेअरं लिहून घ्यायला लागलो. मला स्वतःला प्रोग्रॅम लिहिता येत नाही. ते लपवायचं काही कारण नाही. मला दुपट्ट्याखालचा आकडा ओळखता येतो, असं मात्र मी धरून चाललो होतो.

तीन वर्षांपूर्वीचा तो हंगाम. नुकताच पोळा झाला होता. हिंगणघाटच्या एका मोठ्या जिनिंगचं काम मिळालं होतं, दोन वजनकाट्यांचं, आणि दसऱ्याचा मुहूर्त बरोब्बर तीस दिवसांवर होता. माझ्याकडं तेव्हा तिघं होते. प्रवीण फाटकाचा आणि वजनाचा भाग लिहिणार. त्यानंतर रूपेश चिठ्ठी छापण्याचा. आणि शेवटी सगळं जोडून तपासणार वैशाली, जी तिघांत मोठी आणि या कामाची प्रमुख. आंजी गावची पोरगी. रोज स्कूटीवर यायची, डोक्याला ओढणी गुंडाळून, आणि आल्याबरोबर ओढणीवरचा धूळ-कापूस दारातच झटकायची. मला ते आवडायचं. घरात कचरा न आणणारी माणसं कमी असतात.

तिनं एक नवीच पद्धत काढली होती. दिवस ठरवताना प्रत्येकानं आपापल्या चिठ्ठीवर आकडा लिहायचा, चिठ्ठी टेबलावर पालथी ठेवायची, आणि सगळ्यांनी एकदम उलटायची. म्हणजे एकाचं ऐकून दुसरा बोलत नाही. मी त्या पालथ्या चिठ्ठ्यांकडं पाहिलं आणि मला दुपट्टाच दिसला. तीन चिठ्ठ्या उलटल्या. प्रवीण वीस, रूपेश तेरा, वैशाली बारा.

“पंचेचाळीस झाले सर,” वैशाली म्हणाली.

“मुहूर्त तिसाव्या दिवशी हाय.”

“हाव. म्हणून तं आजच सांगून राह्यली.”

“प्रवीण, वीस दिवस कायले पाह्यजे तुले? फाटकावर गाडी आली, नंबर टाकला, वजन घेतलं. घर बांधून राह्यला का?”

प्रवीण गालात हसला. “सर, घर बांधणं सोपं असते. गवंड्याले कोणी रोज विचारत नाई, भिंत किती टक्के झाली म्हणून.”

त्याला मी सोळावर आणलं. रूपेश बारावर तयार झाला. दोघंही इतक्या लवकर खाली आले की माझी खात्री झाली, वजन वाढवायला कापसावर मारतात तसं पाणी अजून आहे यांच्यात. मग मी वैशालीकडं वळलो. तिचे बारा दिवस कशाचे, तर दोन्ही काटे एकाच वेळी चालवून तपासायचे.

“एका काट्यावर तपासलं की झालं. दुसराही काटाच हाय. त्याले काय वेगळं कळते?”

“सर, एकटा काटा चालणं वेगळं अन् दोघं मिळून चालणं वेगळं. एकाच टायमाले दोन गाड्या चढल्या तं काय होते, ते पाहाचं हाय.”

“दोन दिवस देतो.”

“बारा लागतात.”

“चल, तीन घे.”

“सर, हा भाजीचा भाव नाई. बारा म्हणजे बारा.”

इथं मला राग आला. सौद्यात समोरचा एक पाऊल खाली येतो, आपण एक पाऊल वर जातो, आणि दोघांची इज्जत राहते. ही रीत आहे. प्रवीण आला, रूपेश आला, ही मात्र खुंट्यासारखी उभी. जो अजिबात खाली येत नाही त्याच्या पोटात सगळ्यात जास्त पाणी, असा माझा आजवरचा अनुभव. मी दोन दिवस लिहिले, गोळा केले तर बरोबर तीस भरले, आणि त्याच दिवशी गिरणीच्या मॅनेजरला फोन करून मुहूर्ताला चिठ्ठी कॉम्प्युटरची निघेल असा शब्द दिला. वैशाली फोन संपेपर्यंत दारात उभी होती. मग म्हणाली, “मी बारा सांगितले होते, येवढं ध्यानात ठेवजा सर.” मला ती धमकी वाटली.

त्या महिन्यातलं सगळं मला आठवतं ते आवाजानं. माझी केबिन म्हणजे काचेचं एक पार्टिशन. पलीकडं टकटक चालू असली की मला काम होतंय असं वाटायचं आणि थांबली की मी चहाचा कप घेऊन बाहेर यायचो. तीन-चार वेळा असं झालं की पलीकडची टकटक मी खुर्ची सरकवल्यावर सुरू व्हायची. म्हणजे माझ्या खुर्चीचा आवाज त्यांना ओळखता येत होता. मी खुर्चीच्या चाकांना तेल घातलं. पुढच्या वेळी गेलो तर वैशाली नुसती पडद्याकडं पाहत बसलेली, हात मांडीवर. “काय करून राह्यली?” विचारलं तर म्हणे, “विचार.” मी विचाराचे किती दिवस धरले आहेत तेही विचारून घेतलं.

मग मी सकाळची उभ्यानं मीटिंग सुरू केली. कुठंतरी पाहिलं होतं की उभं राहिलं की माणसं कमी बोलतात. बोलायची खरंच कमी. प्रवीण भिंतीला टेकून उभा राहायचा आणि रोज तेच सांगायचा: ऐंशी टक्के झालं. पितृपक्षाच्या अष्टमीला ऐंशी टक्के, दशमीला ऐंशी टक्के. मी म्हटलं, “हे ऐंशी काय एखादं व्रत हाय का, रोज तेवढंच?” तो म्हणाला, “सर, उरलेलं वीस मोठं जड असते.” सगळे हसले, मीही हसलो असेन, पण केबिनमध्ये येऊन मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसापुढं एक फुली मारली. अशा बऱ्याच फुल्या होत्या. कोण उशिरा आलं, कोणाची आजी दुसऱ्यांदा वारली, कोणाचं नेट नेमकं कामाच्या वेळीच जातं.

वैशालीच्या नावापुढं वेगळी खूण होती. तिला दुपारी फोन यायचे आणि ती जिन्यात जाऊन बोलायची. एकदा मी कान देऊन ऐकलं, तर ‘पुणे’ एवढंच नीट ऐकू आलं. त्यावरून मी पूर्ण गोष्ट रचली. पुण्याच्या कोणीतरी हिला ओढलंय, जाताना माझं काम बुडवून जायचंय, बारा दिवसांचा हट्ट त्यासाठीच. ते फोन कोणाचे होते हे मला आजही माहीत नाही. विचारता आलं असतं. पण विचारलेल्याचं उत्तर तोंडानं मिळतं, आणि तोंडाच्या उत्तरावर माझा भरवसा नव्हता.

मुहूर्ताच्या दिवशी ऊन कडक होतं. काट्याला झेंडूचं तोरण, कॉम्प्युटरला कुंकवाचं बोट. पहिला शेतकरी म्हातारा होता, शेला खांद्यावर घेऊन तो अवघडून उभा होता, आणि त्याच्या हातात छापील चिठ्ठी पडली तेव्हा टाळ्या झाल्या. मॅनेजरनं माझ्या पाठीवर हात ठेवला. दुसरी गाडी, तिसरी, सातवी. मी पेढा तोंडात टाकला. मग गर्दी वाढली म्हणून त्यांनी दुसरा काटाही सुरू केला, आणि एकाच वेळी दोन गाड्या दोन काट्यांवर चढल्या.

बैलगाडीच्या चिठ्ठीवर ट्रकचं वजन आलं. ट्रकच्या चिठ्ठीवर बैलगाडीचं.

बैलगाडीवाला चिठ्ठी वाचून आधी हसला. “बाप्पा, माह्या बैलायनं रस्त्यात पिल्लं देली का?” म्हणाला. रांगेतले सगळे हसले. ट्रकवाला हसला नाही. त्यानंतर कोणालाच आपल्या चिठ्ठीवर विश्वास राहिला नाही. आधीची सात माणसं परत आली, म्हणाली पुन्हा तोला. गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेली. मॅनेजरनं माझ्याकडं न पाहता कॉम्प्युटरचा पडदा पोत्यानं झाकला आणि कपाटातून जुनं चिठ्ठीबुक काढलं. वैशाली माझ्या शेजारी उभी होती. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला नंतर कित्येकदा वाटलं. तेव्हा मात्र मला एवढंच दिसलं की हिला आश्चर्य वाटलेलं नाही.

ऑफिसला आलो. पाणी पाहिजे होतं, साखर पाहिजे होती. चहाच्या कपाटाचं दार उघडलं तर दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला. वर मुदतीचे दोन रकाने. एकाच्या डोक्यावर लिहिलं होतं, ‘साहेबांना सांगायची’. दुसऱ्याच्या डोक्यावर, ‘खरी’.

मी त्या कपाटातून कधी स्वतः चहा काढून घेतला नव्हता, म्हणून कागद तिथं सुरक्षित होता. मी मोबाइलनं फोटो काढला आणि कागद फाडून हॉलमध्ये आलो. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. प्रमुख तू, म्हणून हे तुझंच, असं वैशालीला म्हटलं. पुण्याचंही बोललो. प्रवीण खाली मान घालून बसला होता, रूपेश बाथरूममध्ये गेला तो आलाच नाही.

वैशालीनं विचारलं, “तो कागद नीट वाचला का तुम्ही, सर?”

“मले काय वाचाचं ते दिसलं.”

“मग ठीक हाय.” तिनं ओढणी डोक्याला गुंडाळली, पर्स घेतली आणि स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मी बोलावलंही नाही.

तीन वर्षं मी तो फोटो जपला. लोक देवाचे फोटो जपतात तसा. लग्नात, तेरवीत, बँकेत, जिथं कोणी म्हणालं की आजकाल पोरांवर भरवसा ठेवावा, तिथं मी मोबाइल काढायचो. हे पाहा, मालकाला फसवायचे दोन रकाने. लोक रकान्यांची वरची दोन नावं वाचायचे, हसायचे, ‘बेक्कार जमाना’ म्हणायचे आणि मोबाइल परत द्यायचे. मला बरं वाटायचं. माझ्यावर अन्याय झाल्याचा पुरावा माझ्या खिशात होता आणि तो दाखवायला काही कष्ट पडत नव्हते.

या वर्षी एसीतून कापूस निघाला त्याच आठवड्यात हिंगणघाटच्या दुसऱ्या एका जिनिंगमधून बोलावणं आलं. तिथला मॅनेजर वानखेडे. साठीतला माणूस, शर्टाच्या खिशात दोन चष्मे. त्याचेही काटे दोन, त्याचाही मुहूर्त ठरलेला, महिनाभरावर. त्यानं साफ सांगितलं, “भाऊ, मागं त्या गिरणीत तुमचं काय झालं ते साऱ्या गावाले माहीत हाय. म्हणून शनिवारपर्यंत खरं काय ते सांगा. मुहूर्ताले होते म्हणा, नाई तं नाई म्हणा. नाई म्हटलं तं पुढच्या वर्षी पाहू. हो म्हणून बुडवलं तं मात्र हिंगणघाटात पाय ठेवू नका.”

तो बोलला ते बरोबर होतं, आणि म्हणून झोंबलं. दुसऱ्यांदा पडलो तर या तालुक्यातलं माझं दुकान बंद. मी त्याला माझी बाजू सांगितली आणि सवयीनं मोबाइल पुढं केला.

वानखेड्यांनी दुसरा चष्मा चढवला. चाळीस वर्षं हा माणूस वजनाच्या चिठ्ठ्या वाचत आलाय. चिठ्ठीचं डोकं तो वाचतच नाही, ते छापीलच असतं. त्यानं बोटांनी फोटो मोठा केला आणि खालच्या ओळी वाचायला लागला.

“प्रवीण, वीस... खरी अकरा. रूपेश, तेरा... खरी आठ.” बोट थांबलं. “ही वैशाली कोण?”

“तेच तं सांगून राह्यलो. तीच मुख्य.”

“हिचं बारा अन् बारा हाय.”

“काय?”

“दोन्हीकडं बाराच लिवलं हाय, भाऊ.” त्यांनी ओठ हलवत बेरीज केली. “अकरा, आठ, बारा. एकतीस. तुमच्याजवळ दिवस किती होते म्हणता?”

“तीस.”

वानखेड्यांनी मोबाइल परत दिला आणि पहिला चष्मा लावला. “आम्ही पाणी मारलेल्या कापसाले कटती लावतो, वजन कापतो. पण पहिले मुठीत दाबून पाह्यतो, ओला हाय का कोरडा. तुम्ही दाबून नाई पाह्यला वाटते.”

येताना मी गाडी वेणा नदीच्या पुलापलीकडं थांबवली. दोन्हीकडं कापूस उभा होता, पात्या-फुलांचा, खालच्या बोंडांनी नुकतं अंग भरायला सुरुवात केलेली. अजून कुठं पांढरं नव्हतं. मी फोटो पुन्हा पाहिला, उजेडाकडं पाठ करून, मोठा करून. बारा. बारा. शाईही एकच. पहिला विचार काय आला ते खरं सांगतो: हे तिनं नंतर बदललं असेल. मग आठवलं की फोटो मीच काढलाय, कागद मीच फाडलाय. संशयालाही कुठंतरी पाय टेकवायला जागा लागते. इथं सापडेना.

प्रवीण आणि रूपेश, दोघांनी पाणी मारलं होतं, ते मी थोडंसंच पिळलं. कोरडा कापूस एकीचाच होता. सगळी कटती मी तिच्यावर लावली.

घरी येऊन बायकोला दाखवला. ती भाजी निवडत होती. रकान्यांची नावं वाचून ती म्हणाली, “यात नवीन काय हाय? मीबी तुम्हाले दोनच वेळा सांगते.”

“कोणत्या दोन?”

“कोणाच्या लग्नाले, साक्षगंधाले अकराले निघाचं असलं तं मी तुम्हाले साडेनऊ सांगते. तुम्ही म्हणता, कायले एवढ्या लवकर, अकराले निघू. मग आपण अकराले निघतो.”

“अन् मी साडेनऊले हो म्हटलं असतं तं?”

“तसं कधी झालं नाई नं,” ती म्हणाली आणि मेथीची जुडी उलटी करून माती झटकली.

बावीस वर्षांचा संसार. मी तिच्या निवडलेल्या भाजीकडं पाहत राहिलो आणि मनात मागच्या सगळ्या लग्नांच्या वेळा तपासायला लागलो. प्रत्येक वेळी मी जिंकलो होतो.

शुक्रवारी सकाळी मी वैशालीला फोन लावला. नंबर तोच होता. ती आता आंजीला घरूनच काम करते, बाहेरगावच्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं तपासून देते, एवढं मला ऐकून माहीत होतं.

“बोला सर.”

सर शब्द अजून होता. मी काम सांगितलं. दोन काटे, चिठ्ठी, मुहूर्त. तपासणी तू करशील का, विचारलं. तिनं मला काटे कोणत्या बनावटीचे, लाइट जाते का, आणि चिठ्ठी कोण छापणार हे विचारलं. मग म्हणाली, “माझे चौदा दिवस.”

माझ्या तोंडात दहा तयार होता. तो मी गिळला. कसा, ते मलाच ठाऊक.

“बरं,” म्हटलं.

“काऊन सर, कमी नाई करत?”

“नाई.” मग मी म्हटलं, “तो कागद मी परवा वाचला.”

तिच्या मागं कुठंतरी पाण्याची मोटर चालू होती. “तीन वर्षं लागली,” ती म्हणाली. “मी म्हटलं असतं एखाद्या दिवसात होते.”

“तू तेव्हाच काऊन नाई सांगितलं? त्यांचे दिवस खोटे हायत म्हणून?”

“सांगितलं असतं तं प्रवीणले काढलं असतं तुम्ही. रूपेशलेबी. मग लिहिलं कोणी असतं? अन् प्रवीणचं अकराव्या दिवशी झालं होतं, सर. दिलं नाई त्यानं. लवकर दिलं तं पुढच्या वेळी साहेब अजून कापते म्हणे.”

अकरा दिवसांत संपलेलं काम सोळाव्या दिवसापर्यंत ऐंशी टक्क्यांवर बसवून ठेवलेलं. आणि त्याला बसवणारा मी.

“माझे चौदा पक्के हायत,” ती म्हणाली. “पण प्रवीणचे किती, ते मले नका विचारू. ते तुम्ही त्याले विचारा. खरे. मग मुहूर्ताले होते का नाई ते कळते. अन् माझे चौदा मले लिहून पाठवा, सहीनिशी.”

“विश्वास नाई का?”

“नाई सर.”

ती रागानं बोलली नाही. मापाड्यानं वजन सांगावं तसं सांगितलं. मी कागदावर तिचं नाव आणि चौदा लिहिलं, सही केली, फोटो काढून पाठवला. तीन वर्षांत मी काढलेला तो दुसरा फोटो, ज्यात तिचं नाव आहे.

रूपेश त्याच वर्षी नोकरी सोडून गेला. आता फाटक, वजन आणि चिठ्ठी, सगळं एकट्या प्रवीणकडं आहे. मी त्याला केबिनमध्ये बोलावलं नाही. मीच बाहेर गेलो आणि रूपेशच्या रिकाम्या खुर्चीवर बसलो. त्यानं टकटक थांबवून माझ्याकडं पाहिलं.

“किती दिवस लागतील?”

त्यानं छताकडं पाहिलं, बोटं मोजली. “सव्वीस.”

सव्वीस आणि चौदा, चाळीस. मुहूर्त एकतीस दिवसांवर. दुपारी वानखेड्यांना फोन करायचा होता, आणि सव्वीस खरे असतील तर फोनवर मला नाही म्हणायचं होतं. खोटे असतील तर किती खोटे, हे ओळखायची कला माझ्याकडं आहे असं मी पंचवीस वर्षं समजत आलो होतो. प्रवीण थांबला होता. त्याला माहीत होतं आता मी काय म्हणणार. सोळा म्हणणार, तो बावीस म्हणणार, मी अठरा म्हणणार.

मी कागद पुढं ओढला, सव्वीस लिहिलं, आणि उठलो.

“सर?”

“काय?”

“कापत नाई का?”

“तू सांगितलं, मी लिहिलं.”

तो माझ्याकडं पाहत राहिला. ती नजर मला ओळखीची होती. ती माझीच होती. मी केबिनमध्ये येऊन बसलो. पलीकडं टकटक नव्हती. खुर्ची हलवून पाहिली, तरीही नव्हती. खाली रस्त्यावरून एक रिकामा ट्रक गेला, त्याच्या फळ्यांच्या फटीत मागच्या वर्षीचा एक पुंजका अडकलेला असेल तर असेल, मला इथून दिसत नव्हता.

अर्ध्या-पाऊण तासानं प्रवीण दारात आला. आत आला नाही, काचेला टेकून उभा राहिला, सकाळच्या मीटिंगमध्ये टेकायचा तसा. पण चेहऱ्यावर हसू नव्हतं.

“सर, तो वानखेड्यायचा फोन झाला का?”

“अजून नाई.”

त्यानं दाराच्या कडेवरून बोट फिरवलं. “ते सव्वीस नाई,” तो म्हणाला. “सोळा.”

सोळा आणि चौदा, तीस. मुहूर्ताला पुरत होते. सोळाचे बारा होतील, असं आतून कोणीतरी म्हणालं. जुनाच आवाज होता.

मी सव्वीस खोडलं आणि सोळा लिहिलं.